बारा घरं आणि एक शाळा: कॅपेल केलिन या बुडालेल्या गावाचं प्रकरण

आकड्यांपासूनच सुरुवात करते, कारण ज्यांनी लिव्हरपूलच्या पाण्यासाठी वेल्समधलं हे गाव धरणाखाली घालायला मंजुरी दिली त्यांच्यासमोरही आधी आकडेच होते. ८०० एकर जमीन. घरं आणि शेतघरं मिळून बारा. एक शाळा, एक पोस्ट, एक चॅपेल आणि त्याला लागून दफनभूमी. खोऱ्यात राहणारी माणसं ६७, त्यातल्या ४८ जणांचं घर गेलं. आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधलं लिव्हरपूल, लाखो लोकांचं शहर, बंदर, कारखाने. असं तराजूत घातलं की निकाल काय लागणार हे कोणीही सांगेल. मी हे प्रकरण गेली तीनेक वर्षं जमेल तसं वाचतेय आणि माझं म्हणणं एवढंच आहे की त्या तराजूत जे घातलंच गेलं नाही ते बघायला हवं, आणि ते बघायचं असेल तर त्या गावात लहान असलेल्या मुलांकडेच जावं लागतं.

मी ह्यात कशी पडले ते आधी सांगते. नोकरीमुळे आम्ही लिव्हरपूलला राहतो. मुलाच्या शाळेत एकदा गृहपाठ होता, आपल्या घरातलं पाणी कुठून येतं ते शोधून काढा. आम्ही दोघं शोधत बसलो आणि नळापासून मागे मागे जात डी नदीपर्यंत आलो, तिथून वर वेल्सच्या डोंगरात, ट्रवेरिन नावाच्या छोट्या नदीवरच्या धरणापर्यंत, आणि त्या धरणाच्या खाली एक गाव आहे असं वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तेही ह्या गावासारखं साठच्या दशकात गेलेलं. आजीला मरेपर्यंत त्या गावच्या वाटा तोंडपाठ होत्या, आणि आम्ही वाढलो सोलापूर जिल्ह्यात, जिथे सगळं कोरडं. तर हे वाचताना मी परकी नव्हते असं मला वाटतं.

गाव होतं कसं

कॅपेल केलिन हे उत्तर वेल्समधलं, बाला नावाच्या गावापासून काही मैलांवरचं छोटंसं गाव. कॅपेल म्हणजे चॅपेल, प्रार्थनेचं घर, आणि केलिन म्हणजे ती काटेरी पानांची, लाल फळं येणारी होलीची झाडं जी इकडे नाताळात दाराला लावतात. म्हणजे गावाचं नावच मुळी चॅपेलवरून पडलेलं. खोऱ्यातून नदी वाहायची, दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणं, दगडी बांध, आणि विखुरलेली शेतघरं. बालाहून ब्लेनाय फेस्टिनिओगला जाणारी एकेरी रेल्वे ह्याच खोऱ्यातून जायची आणि १९३० पासून गावाला स्वतःचा छोटा थांबाही होता.

ह्या शेतघरांची नावं मला फार आवडतात म्हणून दोन-चार सांगतेच. कोएद मनाख, म्हणजे साधूची झाडी. गार्नेद लूइद, म्हणजे करड्या दगडांची रास. काय वादोग, म्हणजे मादोगचं शेत. हावोद वादोग, म्हणजे मादोगची उन्हाळ्यातली वस्ती, जिथे पूर्वी गुरं वर चरायला नेल्यावर माणसं राहायची. वेल्समध्ये आडनावं फार थोडी, अर्धा गाव जोन्स आणि उरलेला रॉबर्ट्स नाहीतर एव्हन्स, त्यामुळे माणसाला ओळखायचं ते घराच्या नावानं. अमुक जोन्स, कोएद मनाखचा. आपल्याकडे नाही का एका गावात दहा पाटील असतात मग वरच्या आळीतला, विहिरीकडचा असं सांगावं लागतं, तसंच. आता विचार करा, घर बुडालं की माणसाच्या नावाचा अर्धा भाग बुडतो. ही गोष्ट कुठल्या नुकसानभरपाईच्या तक्त्यात बसते?

आणि हावोद वादोगचा इतिहास तर अजून मागे जातो. सतराव्या आणि अठराव्या शतकात तिथे क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचे लोक प्रार्थनेला जमायचे, जवळच त्यांची लहानशी दफनभूमी होती, आणि छळाला कंटाळून ह्या खोऱ्यातली बरीच क्वेकर कुटुंबं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेली. आज तलावाच्या काठावर एक दगड आहे त्यावर हे लिहिलंय.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावाची भाषा. १९६१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे २६ टक्के उरले होते. शंभरातले सव्वीस. आणि कॅपेल केलिनमध्ये सगळाच व्यवहार वेल्शमध्ये, घरात, शाळेत, चॅपेलमध्ये, मेंढ्या विकताना, भांडताना. अशी गावं संख्येनं लहान असली तरी भाषा जिवंत राहते ती ह्याच गावांमुळे, कारण तिथे पोराला भाषा शिकवावी लागत नाही, ती आपोआप येते. वेल्श लोकांना ह्या प्रकरणाचा एवढा राग का आला ते ह्यावरून कळतं.

लिव्हरपूलची बाजू, जी नीट ऐकायला हवी

मी लिव्हरपूलला राहते, ह्या शहरानं मला सांभाळलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावणार नाही. १९४१ च्या मे महिन्यात ह्या शहरावर सलग रात्री बॉम्ब पडले होते. युद्धानंतर लिव्हरपूलमध्ये घरांची अवस्था भयानक होती, अंधारी कोंदट घरं, बाहेर संडास, न्हाणीघर नाही. तिथेही मुलं वाढत होती. त्या मुलांना घरात नळ मिळावा असं म्हणणाऱ्या नगरसेवकाला मी खलनायक म्हणू शकत नाही. पण हेही खरं की मागितलेलं पाणी फक्त घरच्या नळासाठी नव्हतं, वाढत्या उद्योगांसाठीही होतं, आणि आजूबाजूच्या भागांना लिव्हरपूल पाणी विकतही होतं. वेल्समधले विरोधक हेच विचारत होते की नेमकं किती पाणी तहानेसाठी आणि किती धंद्यासाठी.

लिव्हरपूलला ह्याची सवयही होती. १८८० च्या दशकात त्यांनी व्हर्नवी नदीवर मोठं दगडी धरण बांधलं, त्यात लानूदिन नावाचं आख्खं गाव गेलं. तेव्हा निदान धरणाच्या खालच्या अंगाला नवीन गाव वसवून दिलं होतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लिव्हरपूलसाठी वेल्समधलं खोरं म्हणजे पाण्याची टाकी.

आणि गंमत नाही, दुःख ह्याचं की हे शहर वेल्श लोकांना परकं नव्हतंच. उत्तर वेल्सच्या माणसासाठी लिव्हरपूल म्हणजे जशी कोकणासाठी मुंबई. पोरं कामाला यायची ती इथेच, घरं बांधणारे कंत्राटदार कितीतरी वेल्श, इथे वेल्श चॅपेलं होती, वेल्श लोकांचा जो सगळ्यात मोठा राष्ट्रीय साहित्य-संगीत महोत्सव, आइस्टेथवॉड, तो सुद्धा १८८४, १९०० आणि १९२९ साली लिव्हरपूलला भरला होता. कॅपेल केलिनच्या किती घरांतलं कोणी ना कोणी लिव्हरपूलला असेल. आपलीच माणसं जिथे राबली ते शहर आपलं गाव मागतंय, ह्याचा घाव वेगळा असतो. मुळशीच्या शेतकऱ्यांना विचारा, त्यांची जमीन मुंबईच्या विजेसाठी गेली आणि त्यांच्यातलेच कितीतरी पोटासाठी मुंबईला गेले.

परवानगी कोणाची लागली आणि कोणाची नाही

ह्या प्रकरणात शिकण्यासारखा भाग हाच आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१९५५ साली लिव्हरपूलनं आधी डोलानोग नावाच्या दुसऱ्या खोऱ्याची चर्चा सुरू केली. तिथे अ‍ॅन ग्रिफिथ्स ह्या अठराव्या शतकातल्या भजनकर्तीचं घर आणि आठवणी, त्यामुळे लगेच गदारोळ झाला, आणि लिव्हरपूलनं ते सोडलं आणि ट्रवेरिनकडे वळले. बऱ्याच लोकांना आजही वाटतं की पहिलं नाव मुद्दामच पुढे केलं होतं. मला कागदावरून ते सिद्ध होताना दिसत नाही त्यामुळे मी तसं म्हणणार नाही, पण परिणाम तोच झाला, एका खोऱ्याला सुटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याकडे लक्ष जाईपर्यंत उशीर झाला.

गावकऱ्यांना बातमी कळली ती डिसेंबर १९५५ मध्ये वर्तमानपत्रातून. कोणी येऊन सांगितलं नाही. त्याच महिन्यात कार्डिफला वेल्सची राजधानी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणजे एका हातानं देशाला राजधानी मिळाली आणि त्या राजधानीला एका खोऱ्याचं रक्षण करायची ताकद मात्र नव्हती.

आता मुख्य मुद्दा. साधा रस्ता असा होता की लिव्हरपूलनं वेल्समधल्या स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांकडे, कौन्सिलकडे परवानगी मागायची. तिथे नकार आला असता. म्हणून त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये स्वतःचं खासगी विधेयक आणलं. पार्लमेंटनं कायदा केला की स्थानिक परवानगीचा प्रश्नच मिटतो. गावानं नाही म्हटलं, जिल्ह्यानं नाही म्हटलं, वेल्समधल्या ढिगानं संस्थांनी आणि कौन्सिलांनी नाही म्हटलं, कशाचाच उपयोग झाला नाही. मतदान झालं तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानंही विधेयकाच्या बाजूनं मत दिलं नाही. एकानंही नाही. तरी ते पास झालं, कारण सभागृहात इंग्लंडचे खासदार कितीतरी जास्त. १ ऑगस्ट १९५७ ला त्यावर राणीची मोहोर उमटली आणि लिव्हरपूल कॉर्पोरेशन कायदा झाला. तेव्हा वेल्सच्या कारभारासाठी स्वतंत्र मंत्रालयही नव्हतं, ते खातं हेन्री ब्रुक ह्या इंग्लिश मंत्र्याकडे, त्यांच्या बाकीच्या कामांसोबत जोडलेलं.

म्हणजे बेकायदा काहीच झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण लोक अशी प्रकरणं वाचताना कुठेतरी लाच, कुठेतरी खोटी सही शोधतात. इथे तसं काही नाही. सगळ्या पायऱ्या नियमाप्रमाणे, आणि एकाही पायरीवर त्या बारा घरांच्या होकाराची गरज लागली नाही. माझ्या मते नियमात बसणं हेच इथलं सगळ्यात वाईट आहे, कारण मग दाद मागायला जागाच उरत नाही.

मोर्चा आणि मुलांच्या हातातले फलक

गावानं बचाव समिती केली होती. वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे, प्लाइड कमरीचे अध्यक्ष ग्विनफोर एव्हन्स त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९५६ ला ते लिव्हरपूलच्या कौन्सिलमध्ये बोलायला उठले तर आरडाओरडा करून त्यांना बसवलं गेलं. दोन आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, आख्खं गाव बसनं लिव्हरपूलला आलं. म्हातारी माणसं, बायका, आणि शाळेतली मुलं. फलक घेऊन शहराच्या रस्त्यांवरून चालत गेले. त्या दिवशी एव्हन्सना बोलू दिलं, ऐकूनही घेतलं, आणि निर्णय बदलला नाही.

त्या मोर्च्याचे फोटो आहेत. एका फलकावर लिहिलंय, तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची वाचवा, आमची घरं बुडवू नका. दुसऱ्यावर लिव्हरपूलला विनंती आहे की मोठ्या मनाचं शहर हो, दांडगाई करणारं होऊ नको. दोन्ही फलक इंग्रजीत. आणि मी ह्या फोटोकडे बघत राहते ते ह्यासाठी की ज्या मुलांचं घर, शाळा, खेळ, शिव्या, प्रार्थना सगळं वेल्शमध्ये, त्या मुलांना आपलं घर मागायला दुसऱ्याच्या भाषेत यावं लागलं. बहुतेक मुलांनी एवढं मोठं शहर पहिल्यांदाच पाहिलं असेल. ट्राम, दिवे, धूर, गर्दी. लहानपणी पहिल्यांदा मोठं शहर बघायचा जो आनंद असतो, त्यांना तो ह्या कारणासाठी मिळाला.

आज ती मुलं सत्तरी-ऐंशीत आहेत. वेल्श टीव्हीवर, रेडिओवर, वर्धापनदिनांना ती बोलतात, आणि मला एक गोष्ट लक्षात आली की ती पार्लमेंटबद्दल फार बोलत नाहीत. मोठ्यांच्या आठवणीत मतदान, भाषणं, विश्वासघात. मुलांच्या आठवणीत जागा. कुठे नदी ओलांडायची, कोणाच्या घरी काय खायला मिळायचं. माझ्या आजीचंही तसंच होतं, धरणाचा विषय काढला की ती सरकारबद्दल एक वाक्य बोलायची आणि मग अर्धा तास शाळेमागच्या उंबराबद्दल.

शेवटची वर्षं

एखादं गाव एका दिवसात बुडत नाही हे लोकांना माहीत नसतं. कायदा १९५७ चा, पाणी भरलं १९६५ ला. मधली कितीतरी वर्षं ती माणसं तिथेच, उद्या नसणाऱ्या गावात राहत होती. मुलं शाळेत जात होती, बाहेर मशिनी डोंगर खणत होत्या, मातीचा बांध रोज थोडा वर चढत होता. कुंपण मोडलं तर दुरुस्त करायचं का? गोठ्याचं छप्पर गळलं तर नवीन टाकायचं का? असल्या प्रश्नांमध्ये माणूस किती झिजतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये.

रेल्वे आधी गेली. जानेवारी १९६० मध्ये प्रवासी गाडी बंद झाली, वर्षभरानं मालगाडीही, आणि रुळांचा तो पट्टा नंतर पाण्याखाली. त्याऐवजी वरच्या अंगानं नवीन रस्ता झाला.

१९६२ आणि १९६३ मध्ये काही तरुणांनी बांधकामाच्या जागी तोडफोड केली. १० फेब्रुवारी १९६३ च्या रात्री, त्या वर्षीच्या कडाक्याच्या थंडीत आणि बर्फात, तिघांनी तिथला ट्रान्सफॉर्मर स्फोटानं उडवला. एमिर लेवेलिन जोन्स ह्या विद्यार्थ्याला त्यासाठी एक वर्षाची कैद झाली. कोणी मेलं नाही, काम थोडं थांबलं, परत सुरू झालं.

जुलै १९६३ मध्ये शाळा बंद झाली. २८ सप्टेंबर १९६३ ला चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना. ह्या सगळ्याचे फोटो काढणारा माणूस म्हणजे जेफ चार्ल्स, वेल्श वर्तमानपत्रांचा छायाचित्रकार. त्याच्या सव्वा लाखाच्या आसपास निगेटिव्ह आज वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि बऱ्याच ऑनलाइन फुकट बघता येतात. मी त्यातले शाळेचे फोटो परत परत बघते. फोटोतली मुलं फोटोत असतात तशीच, कोणी कॅमेऱ्याकडे, कोणी शेजाऱ्याकडे. ह्या माणसानं मोठ्या भाषणांचे फोटो काढलेच पण त्याला वर्गाचा, अंगणाचा, गोठ्याचाही फोटो काढावासा वाटला, म्हणून आज ते गाव दिसतं तरी. आमच्या गावाचा एकही फोटो नाही. एकही नाही, मी सगळ्यांकडे विचारलंय.

दफनभूमीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. आठ जणांचे अवशेष त्यांच्या घरच्यांनी काढून लानकिल आणि ट्राउसव्हनिदला नेऊन पुरले. बाकीचे तिथेच राहिले, पाण्याखाली. कुठला निर्णय बरोबर हे मी कोण सांगणार. पण घरी बसून हे ठरवावं लागणं, आजोबांना न्यायचं का ठेवायचं, त्या चर्चेच्या वेळी कोपऱ्यात बसलेलं दहा वर्षांचं पोर काय ऐकत असेल ह्याचा विचार मला झोपू देत नाही.

उद्‌घाटन, आणि नंतर काय झालं

२१ ऑक्टोबर १९६५ ला लिव्हरपूलनं उद्‌घाटनाचा समारंभ ठेवला. शेकडो लोक निषेधाला आले, मायक्रोफोनच्या वायरी तोडल्या, घोषणांत पाहुण्यांचं बोलणं कोणाला ऐकू आलं नाही, आणि तीन मिनिटांच्या आत समारंभ उरकला. तलावाला नाव दिलं ह्लिन केलिन, ह्लिन म्हणजे तलाव. त्या पहिल्या अक्षराचा उच्चार मराठीत नीट लिहिताच येत नाही, जीभ ल ला लावून हवा सोडायची. गाव घेतलं आणि गावाचं नाव तलावाला दिलं.

ह्यानंतर जे झालं ते बुडवणाऱ्यांच्या हिशोबात नव्हतं. १९६२ मध्येच वेल्श भाषेसाठी लढणारी संघटना उभी राहिली होती. जुलै १९६६ मध्ये ग्विनफोर एव्हन्स कार्मार्दनच्या पोटनिवडणुकीत निवडून आले, त्यांच्या पक्षाचे पहिले खासदार. १९६७ मध्ये वेल्श भाषेचा कायदा झाला. हे सगळं एकट्या ट्रवेरिनमुळे झालं असं म्हणणं चूक होईल, पण ट्रवेरिन वजा करून हा इतिहास कोणी सांगतही नाही. आणि ते ऐकताना मला एक अडचण वाटते, ती मनापासून लिहिते. देशाला जाग आली हे चांगलंच झालं, पण त्या ४८ माणसांना देशाच्या जागृतीसाठी गाव द्यायचं नव्हतं. त्यांना मेंढ्या पाळायच्या होत्या. प्रतीक झालेल्या गावातली खरी माणसं लवकर मागे पडतात.

भिंतीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ट्रवेरिनपासून लांब, समुद्रकिनाऱ्याकडच्या लानरिस्टिड गावाजवळ हायवेच्या कडेला एका पडक्या घराची भिंत आहे. साठच्या दशकात माइक स्टीफन्स ह्या तरुणानं, जो पुढे लेखक आणि संपादक म्हणून नावाजला, तिथे रंगानं लिहिलं, कोविउख द्रवेरिन. ट्रवेरिन लक्षात ठेवा. पहिल्यांदा त्यानं ट्रवेरिन असंच लिहिलं होतं, पण वेल्शमध्ये मागच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, तिथे ट चा द व्हायला हवा होता, ते नंतर दुरुस्त केलं गेलं. वर मादोगचा वादोग झालेला दिसला ना, तोच नियम. मला ही चूक फार जवळची वाटते. भाषा हातातून निसटत असताना तिच्यासाठी लिहायला उठलेल्या पोराकडून तिचंच व्याकरण चुकतं आणि मग कोणीतरी ब्रश घेऊन येऊन ते नीट करतं. २०१९ मध्ये कोणीतरी त्या भिंतीवर दुसरंच नाव रंगवलं, मग भिंतीचा भाग पाडला, तर लोकांनी दगड परत रचले आणि वेल्सभर घरांच्या, दुकानांच्या, शेतांच्या भिंतींवर तेच दोन शब्द लिहिले गेले.

१९ ऑक्टोबर २००५ ला लिव्हरपूलच्या कौन्सिलनं माफी मागितली, चाळीस वर्षांनी. आधीच्या कौन्सिलनं दाखवलेल्या असंवेदनशीलतेबद्दल. काहींनी ती स्वीकारली, काहींना ती उशिरा आणि अपुरी वाटली. मला वाटतं माफी मागणं बरोबरच होतं, पण असंवेदनशीलता हा शब्द फार मऊ आहे. वागण्यात संवेदना असती, गोड बोलून, फुलं देऊन गाव घेतलं असतं, तरी गाव गेलंच असतं ना.

काठावर

आम्ही गेलो ते २०२२ च्या उन्हाळ्यात, दुष्काळाच्या बातम्या होत्या तेव्हा. लिव्हरपूलहून गाडीनं दोन तास. तलाव अडीच मैल लांब आहे, सुंदर आहे हे मान्य करायलाच हवं, आणि नवख्या माणसाला कळणारही नाही की इथे काही होतं. काठावर दगडी स्मारक चॅपेल आहे, आर. एल. गॅपर ह्यांनी केलेलं, आणि जुन्या दफनभूमीतले थडग्यांवरचे दगड तिथे आणून ठेवलेत. पाणी बरंच खाली गेलेलं होतं. चिखलात बांधांच्या रेषा दिसत होत्या, एक सरळ रेषा म्हणजे बहुतेक रस्ता, झाडांचे काळे बुंधे. लोक खाली उतरून फिरत होते, काही जण फोटो काढत होते, आणि एक वयस्क बाई एकाच जागी उभ्या होत्या, कोणाशी न बोलता. मी जवळ गेले नाही. गोव्यात कुर्डी गाव दर उन्हाळ्यात साळावलीच्या पाण्यातून वर येतं तेव्हा तिथले लोक देवळापाशी जमतात, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते, तिथेही असंच बाजूला उभं राहिलेलं कोणीतरी दिसतंच.

मुलानं विचारलं, आपण पितो ते पाणी हेच का. मी म्हटलं हो, इथून नदीत सोडतात, ती बालाच्या तलावाजवळ डी नदीला मिळते, आणि चेस्टरजवळ हंटिंग्टनला ते उचलतात. त्यानं मान हलवली. मग त्यानं माहितीच्या फलकासमोर उभं राहून शेतघरांची नावं वहीत उतरवून घेतली, स्पेलिंग बघून बघून, एकेक अक्षर. गाडीत बसल्यावर म्हणाला, माझ्या पणजीच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या गावातल्या घरांची नावं काय होती?

मला फक्त दोन माहीत होती. घरी येऊन आईला फोन लावला, तिनं मामाला, मामानं कराडच्या एका आजोबांना. वहीच्या त्याच पानामागे आता नकाशा काढायला घेतलाय, नदी, देऊळ, शाळा, शाळेमागे उंबर. आतापर्यंत अकरा घरं भरलीत. उंबराच्या पलीकडची दोन राहिलीत, तिथे कोण राहायचं ते आत्याला माहीत असेल असं मामा म्हणाला, ती रविवारी फोनवर असते.